मुंबईत पाणी भरलं की काय करायचं: सुरुवात तळमजल्यापासून

दरवर्षी मे महिन्यात कोणीतरी नाल्याच्या काठावर उभं राहून "यंदा पाणी तुंबणार नाही" असं सांगतं, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला हिंदमाता, गांधी मार्केट, सायन रोड नंबर २४, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही सगळी नावं टीव्हीवर हजर. त्यामुळे पाणी भरणार हे धरूनच चालू. ते चार-सहा तास आपली बिल्डिंग, चाळ किंवा गल्ली कशी काढणार, आणि नंतरचे पंधरा दिवस कसे काढणार, एवढंच इथे बघायचंय.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पावसाळी तयारीच्या याद्या बघितल्यात का? टॉर्च ठेवा, बिस्किटं ठेवा, मोबाईल चार्ज करा. ठीक आहे, ठेवा. पण त्या याद्या एकेकट्या घरासाठी असतात आणि पाणी काही घर बघून येत नाही, ते तळमजल्यावर येतं. तिसऱ्या मजल्यावरच्याला सुट्टी आणि कांदाभजी, त्याच बिल्डिंगमध्ये खालच्याचा फ्रीज, गादी, मुलांची दप्तरं, शिलाई मशीन सगळं एका दुपारत जातं. म्हणून तयारी बिल्डिंगची करायची, आणि ती तळमजल्यापासून.

पाणी नेमकं का थांबतं

हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून दोन मिनिटं द्या. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली, ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यवाहिन्या सुधारायच्या प्रकल्पात ती ताशी ५० पर्यंत न्यायचं ठरलं. आता ८ जुलै २०२४ ची पहाट आठवा, रात्री एक ते सकाळी सात एवढ्या सहा तासांत काही भागांत ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. म्हणजे वाहिनी कितीही साफ असली तरी एवढं पाणी त्या वेगाने जाणारच नाही.

दुसरी गोष्ट समुद्र. आपले बरेचसे नाले जिथे समुद्राला मिळतात ती तोंडं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. भरती चढली की तिथले दरवाजे बंद करावे लागतात नाहीतर समुद्रच आत येईल, मग पाणी बाहेर टाकायचं काम पंपांचं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लिव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला, गझदरबंध ही पंपिंग स्टेशनं त्यासाठीच आहेत. पण पंप जेवढं उपसतो त्याच्यापेक्षा जास्त वरून पडत असेल तर पाणी सखल भागात थांबतं. हिंदमाता तर बशीसारखी आहे, चहूबाजूंनी उतार. आता तिथे पाणी साठवायला परळ आणि दादरच्या मैदानांखाली टाक्या बांधल्यात, फरक पडलाय, पण मोठ्या पावसात परीक्षा असतेच.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि त्याच वेळी कुलाब्यात ७५ च्याही आत. एकाच शहरात. त्यामुळे "अरे इथे तर काहीच पाऊस नाही" असं चर्चगेटवरून कोणी फोनवर सांगितलं तर त्यावर विसंबून कुर्ल्यातल्या माणसाने काही ठरवू नये.

एप्रिल-मे: आधीची कामं

पहिलं काम, बिल्डिंगमधल्या किंवा गल्लीतल्या तळमजल्यावरच्या प्रत्येक घरात जाऊन विचारा की मागच्या वेळी पाणी कुठपर्यंत आलेलं आणि सगळ्यात आधी कुठून आलं. गुडघा, पलंग, ओट्याची उंची, जे सांगतील ते भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. मग घरात एकटी राहणारी म्हातारी माणसं कोण, अंथरुणाला खिळलेलं कोण, डायलिसिसवर कोण, इन्सुलिन कोणाचं, तान्हं मूल कोणाकडे, हे लिहून काढा. मग त्या प्रत्येक घराला वरच्या मजल्यावरचं एक घर जोडून द्या. नावानिशी. "लागलं तर या हं" असं मोघम नको, कारण आयत्या वेळी खालच्या बाईला कोणाचं दार वाजवायचं याची लाज वाटते आणि ती पलंगावर बसून राहते. "काकू, पाणी उंबऱ्याला लागलं की तुम्ही आणि बाळ आमच्याकडे, बॅग आधीच आणून ठेवा" असं मे महिन्यातच बोलून झालेलं असलं पाहिजे.

दुसरं काम गटारं. महापालिका मोठे नाले उपसते, पण सोसायटीच्या कंपाउंडच्या आतली गटारं आणि चेंबर ही सोसायटीचीच जबाबदारी, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या ठिकाणी पाणी तिथेच अडतं. जाळीवर दुधाच्या पिशव्या, नारळाच्या शेंड्या, कोणाच्या तरी रिनोव्हेशनचं डेब्रिज. ते काढून घ्या, काढलेला गाळ तिथेच काठावर ठेवू नका, पहिल्या सरीत परत आत जातो. आतल्या चेंबरसाठी माणूस आत उतरवायचा नाही, मशीनच बोलवा, आत उतरलेली माणसं गॅसने गेलीयत आणि कायद्यानेही ते बंद आहे.

रस्त्यावरचा नाला भरलेला असेल तर महापालिकेच्या १९१६ वर फोन करून तक्रार नंबर घ्या, फोटो काढा, आणि तोच नंबर घेऊन वॉर्ड ऑफिसात जा. एकट्याने नाही, चार बिल्डिंगच्या लोकांनी मिळून. चार सह्या असल्या की कागद हलतो, हा मुंबईचा जुना अनुभव.

पावसाच्या आदल्या रात्री काय बघायचं

हवामान खात्याचा रंग बघायचा, यलो, ऑरेंज, रेड. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार आणि त्याच्या पुढे अत्यंत मुसळधार. पण हा सगळा चोवीस तासांचा हिशोब आहे आणि आपल्याला बुडवतो तो एक-दोन तासांचा पाऊस, म्हणून सकाळी उठल्यावर पुढच्या तीन तासांचा ताजा अंदाज, ज्याला नाउकास्ट म्हणतात, तो वेगळा बघा. आपत्तीचे इशारे देणारं सरकारचं सचेत ॲप फोनवर असू द्या.

आणि मग भरती. साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांचे दिवस महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते, ती यादी प्रिंट काढून गेटवर, वॉचमनच्या खुर्चीमागे चिकटवा. यादी हाताशी नसेल तर कोकणातल्या माणसाला माहीत असलेला हिशोब आहेच, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, तेव्हा भरती दुपारी बाराच्या जवळपास येते आणि उंचही असते. हा अंदाज आहे, नेमकी वेळ यादीतलीच धरा.

ऑरेंज किंवा रेड अलर्ट आणि भरतीची वेळ एकत्र येत असतील तर भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत तळमजला सावध. खालची आवराआवर त्याच्या आधी संपलेली पाहिजे. रात्रीची भरती असेल तर कोणीतरी जागं राहायचं, पाळी लावून, आणि हे काम वरच्या मजल्यावरच्या पोरांना द्या, तशीही ती जागीच असतात.

तळमजल्याचं घर

इथे थोडं थांबून सांगतो कारण सगळे दाराकडे बघत बसतात आणि पाणी येतं मोरीतून. बाहेरचं गटार भरलं की तेच पाणी पाइपमधून उलटं वर चढतं. आधी मोरीच्या जाळीतून गुळगुळ आवाज येतो, बुडबुडे येतात, मग काळं पाणी लादीवर पसरायला लागतं, वास येतो, आणि तेव्हा दारात अजून पाण्याचा थेंब नसतो. संडासाचंही तेच.

त्यामुळे आधी मोरी बंद करायची. जाड प्लास्टिकच्या पिशवीत रेती भरून तोंड घट्ट बांधायचं, ती पिशवी जाळीवर दाबून बसवायची, त्यावर पाट किंवा लादीचा तुकडा आणि त्यावर पाण्याने भरलेली कळशी. रेती नसेल तर ओल्या गोणपाटाचा बोळा कोंबा. संडासाच्या भांड्यात पण तशीच पिशवी. पूर्ण थांबत नाही, पण आत यायचा वेग कमी होतो आणि सामान उचलायला वेळ मिळतो. दरवर्षी हेच होत असेल तर प्लंबरकडून पाइपला नॉन रिटर्न व्हॉल्व, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवून घ्या आणि पावसाळ्याआधी तो उघडून साफ करा, कचरा अडकला की व्हॉल्व बंदच होत नाही.

दाराला बऱ्याच जणांनी विटा-सिमेंटचा उंच उंबरठा करून घेतलेला असतो, चांगलंय, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तो अंधारात ओलांडता येतो का ते बघा. नसेल उंबरठा तर रेतीच्या गोण्या, आणि गोणी दारात टाकण्याआधी खाली प्लास्टिक अंथरा, नुसत्या गोणीतून पाणी झिरपतं.

सामान उचलायचा क्रम ठरलेला असू द्या. सगळ्यात आधी कागदपत्रं. रेशनकार्ड, आधार, भाडेकरार, बँक पासबुक, मुलांचे दाखले, लाइटबिल, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं एका झिपच्या प्लास्टिक फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर जून ते सप्टेंबर जोडून दिलेल्या वरच्या घरात राहू दे. डिजिलॉकरमध्ये कॉपी असली तर उत्तमच. मग औषधं. मग ज्याच्यावर पोट आहे ते, शिलाई मशीनचं डोकं, टपरीचा माल, खानावळ चालवणाऱ्या बाईचा मिक्सर आणि तांदळाची गोण. मग दप्तरं. टीव्ही नंतर. कापसाची गादी एकदा या पाण्यात भिजली की गेली, वाळवून परत वापरू नये, म्हणून ती पोटमाळ्यावर किंवा वर पाठवा. फ्रीज चार विटांवर चढवला तर वीतभर पाण्यातून वाचतो, त्यापुढे नाही. गॅसचा रेग्युलेटर बंद करून काढून ठेवा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीने बांधा, रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगत दार तोडतो.

लाइटचं मेन स्विच पाणी घरात शिरायच्या आधी, कोरड्या पायांनी बंद करायचं. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, कारण मेन पाडलं तरी इन्व्हर्टर सॉकेटला करंट देतच राहतो आणि हे लोकांच्या लक्षात येत नाही. पाण्यात उभं राहून कुठल्याही स्विचला हात नाही. पाणी आधीच शिरलं असेल तर बोर्डाकडे जाऊच नका, घराबाहेर पडा आणि वीज कंपनीला फोन करून बाहेरून सप्लाय तोडायला सांगा.

बिल्डिंगची कामं

लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची, खाली ठेवली तर खड्ड्यात पाणी भरतं आणि दुरुस्तीचं बिल बघून सेक्रेटरी आजारी पडतो. पाण्याच्या मोटरचा सप्लाय बंद, पण त्याच्या आधी वरची टाकी भरून घ्या. अंडरग्राउंड टाकीचं झाकण घट्ट, कडेला माती-प्लास्टिकने बंद. पिट पार्किंगमधल्या खालच्या गाड्या आदल्या रात्रीच काढायच्या. मीटर रूम तळमजल्यावर असेल तर मीटर वर घेण्यासाठी पावसाळा संपल्यावर अर्ज करा, पावसात कोणी येणार नाही. बेस्ट, अदानी, महावितरण, जी कंपनी असेल तिचा तक्रार नंबर गेटवर मोठ्या अक्षरात.

रस्त्यावर अडकलात तर

ऑफिस वरच्या मजल्यावर असेल आणि बाहेर गुडघाभर पाणी असेल तर तिथेच थांबा. रात्र काढा. २००५ मध्ये ऑफिसात, शाळेत, अनोळखी लोकांच्या घरी थांबलेली माणसं दुसऱ्या दिवशी चालत घरी पोचली. काही जण मात्र काचा बंद केलेल्या गाडीतच राहिले आणि तिथेच गुदमरून गेले.

गाडीत असाल तर सबवेत घालायचीच नाही, पुढचा रिक्षावाला गेला म्हणून आपणही, असं नको. मालाडच्या सबवेत जुलै २०१९ मध्ये दोघं जण गाडीतच अडकून गेले. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी उचलली जाते. इंजिन बंद पडलं तर परत स्टार्ट मारू नका, सीटबेल्ट काढा, दार उघडत नसेल तर काच खाली करा, तीही होत नसेल तर हेडरेस्ट काढून त्याच्या लोखंडी दांड्याने बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारा. समोरची काच फुटत नाही, तिच्यावर ताकद घालवू नका.

चालत असाल तर हातात छत्री किंवा काठी, प्रत्येक पावलाआधी पुढे टेकवून बघायचं. पाणी गोल फिरताना दिसलं तर खाली उघडं झाकण आहे असं समजा. लाइटच्या खांबाला, फीडर बॉक्सला, दुकानाच्या शटरला हात नाही. आणि मॅनहोलचं झाकण स्वतः उघडायचं नाही, कितीही पाणी असलं तरी. २९ ऑगस्ट २०१७ ला प्रभादेवीजवळ अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून मुंबईतले एक नामवंत डॉक्टर गेले. त्यानंतर महापालिकेने झाकणाखाली संरक्षक जाळ्या बसवायला घेतल्या, पण सगळीकडे आहेत असं धरू नका.

लोकल थांबली तर ट्रॅकवर उतरायची घाई नको, बाजूच्या रुळावर काय येतंय ते पावसात ऐकूही येत नाही. घरच्यांना एक मेसेज, कुठे आहे आणि किती चार्जिंग आहे, मग फोन खिशात. सारखे कॉल करून बॅटरी संपवू नका.

घर सोडायची वेळ

मिठी नदीकाठच्या वस्त्यांना, कुर्ल्याच्या क्रांतीनगरला वगैरे हे नवीन नाही, १९ ऑगस्ट २०२५ ला पण मिठी चढली आणि लोकांना हलवावं लागलं. विहार-पवई तलाव ओसंडले की ते पाणी मिठीतच येतं, म्हणजे आपल्या डोक्यावर पाऊस थांबला तरी नदी चढत राहू शकते, हे लक्षात असू द्या.

लोक घर सोडत नाहीत कारण चोरीची भीती. ती खरी आहे, तिला नावं ठेवू नका. मार्ग असा की म्हातारी, मुलं, गरोदर बायका आणि आजारी माणसं सगळ्यात आधी पालिकेच्या शाळेत किंवा वरच्या मजल्यांवर, उजेड असतानाच. धडधाकट चार-पाच जण गल्लीतल्या पक्क्या वरच्या मजल्यावर थांबून लक्ष ठेवतील, आणि पाणी कंबरेला यायच्या आत तेही निघतील. डोंगर उतारावरच्या वस्तीत मात्र राखण वगैरे काही नाही, तडा दिसला, संरक्षक भिंतीतून गढूळ पाणी यायला लागलं की सगळे बाहेर. आग-बचावासाठी १०१, ॲम्ब्युलन्स १०८, बाकी सगळ्याला ११२.

पाणी ओसरल्यावर

आधी फोटो, मग झाडू. भिंतीवर पाणी जिथपर्यंत आलेलं तिथे चिखलाची रेघ असते, तिच्यासकट प्रत्येक खोलीचे, प्रत्येक बिघडलेल्या वस्तूचे फोटो काढा. तहसील कार्यालयाकडून पंचनाम्याला माणसं येतात तेव्हा घर लख्ख धुतलेलं असलं तर काय दाखवणार? नुकसानीची यादी हाताने लिहा, मदत खात्यात येते म्हणून पासबुक तयार ठेवा. भाडेकरूंचे इथे हाल होतात, मालक म्हणतो घर माझं आणि सामान ज्याचं तो म्हणतो कागद नाही. लाइटबिल, रेशनकार्ड, शेजाऱ्यांचं लेखी, जे असेल ते जोडा, आणि सोसायटीने राहत असल्याचं पत्र लगेच द्यावं, मीटिंगची वाट न बघता. गाडीचा विमा असेल तर गाडी चालू न करता कंपनीला कळवा, टो करून न्या. इंजिनचं नुकसान साध्या पॉलिसीत बहुतेक येत नाही, त्याचं इंजिन प्रोटेक्ट कव्हर वेगळं घ्यावं लागतं. घराला भारत गृह रक्षा पॉलिसी घेता येते, त्यात पूर आणि पाणी शिरणं येतं.

चिखल ओला असतानाच काढा, वाळला की दगड होतो. हातमोजे आणि बंद बूट घालून, आधी साध्या पाण्याने, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने, खिडक्या उघड्या ठेवून. अंडरग्राउंड टाकी पूर्ण रिकामी करून धुतल्याशिवाय ते पाणी पिऊ नका, तोपर्यंत उकळलेलं, किंवा पाकिटावर लिहिल्याप्रमाणे क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास ठेवलेलं. फ्रीज, मिक्सर वाळल्यासारखे दिसले तरी इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत प्लग नाही.

आता लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. उंदीर, कुत्री, गुरं यांचं मूत्र त्या पाण्यात असतं आणि पायाला जखम, भेग असेल तर तिथून शिरतं. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. पाण्यातून चाललेल्या प्रत्येकाने ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन दाखवायचं, मोठ्यांना डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना दुसरं औषध असतं, म्हणून एकाची गोळी दुसऱ्याला द्यायची नाही. कामवाल्या मावशी, वॉचमन, सफाई कामगार हेच सगळ्यात जास्त वेळ पाण्यात असतात आणि रोजंदारी बुडेल म्हणून हेच जात नाहीत, तर बिल्डिंगने त्यांना पाठवावं, पगार न कापता. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांमध्ये सडकून दुखणं, डोळे लाल किंवा पिवळे, लघवी कमी, यातलं काहीही झालं तर पॅरासिटामॉल घेऊन घरी बसू नका, हॉस्पिटलात जा आणि "पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरला स्वतःहून सांगा. साचलेलं पाणी आठवडाभर राहिलं की डेंग्यूचे डास, ते वेगळंच.

आणि मदत करणाऱ्यांसाठी एक. पहिल्या दिवशी खिचडीची पातेली चार ठिकाणांहून येतात, चौथ्या दिवशी कोणी नसतं. खालच्या घरांना चौथ्या दिवशी लागतं ते म्हणजे कोरडी गादी, शेगडी, मुलांची वह्या-पुस्तकं, सॅनिटरी पॅड, आणि इलेक्ट्रिशियनचे पैसे. सोसायटीच्या मेंटेनन्समधून महिन्याला प्रत्येक घरामागे थोडे पैसे बाजूला काढून पावसाळी फंड ठेवला, आणि तो फक्त तळमजल्यासाठी आहे असा ठराव एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, करून घेतला, तर जुलैमध्ये कोणाच्या दारात हात पसरायला लागत नाही. ठरावाला वरचे मजले कुरकुर करतील. त्यांना मीटर रूम आणि मोटर कुठल्या मजल्यावर आहे ते विचारा.